गाठ भोकाशी आहे

कोकणात पावसाळ्यात गवत कापायच्या पेट्रोल यंत्राची दोरी ओढताना मुठीतली गाठ निसटली, की मूठ हातात राहते आणि दोरी आतल्या स्प्रिंगच्या जोराने डब्यात गुडूप होते. मग स्क्रू काढा, पुली बाहेर घ्या, स्प्रिंगला पुन्हा पीळ द्या. पुढच्या वेळी खबरदारी म्हणून बहुतेक जण गाठीवर आणखी एक गाठ मारतात आणि तीही फसते. कारण भोकाला गाठीची लांबी कळत नाही, फक्त तिचं तोंड किती रुंद आहे ते कळतं. दुसरी गाठ पहिलीच्या अंगावर चढण्याऐवजी सहसा तिच्या मागे जाऊन बसते. दोरी तेवढी आखूड होते, तोंड होतं तेवढंच राहतं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ शिडाच्या होड्यांवर सर्रास दिसते म्हणून ती भक्कम समजली जाते. पण तिचा खरा गुण निराळा आहे: ओढ बसल्यावरही ती साध्या गाठीपेक्षा सहज सोडवता येते. रुंदीत मात्र ती साध्या गाठीच्या फारशी पुढे नाही.

गाठीचं तोंड रुंद कसं करायचं, या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर चुकून सापडलं. 1944 साली गाठींचा जाडजूड कोश प्रसिद्ध करणारे अमेरिकन चित्रकार क्लिफर्ड अ‍ॅशली यांना 1910च्या आधी कधीतरी कालवं पकडणाऱ्या होड्यांवर एक गलेलठ्ठ गाठ लांबून दिसली. जवळ जायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी अंदाजाने तशी गाठ बनवली. पुढे होडीवरची गाठ जवळून पाहायला मिळाली, तेव्हा ती पाण्याने फुगलेली आठचीच गाठ निघाली! अ‍ॅशलींच्या हातून मात्र नवीच गाठ तयार झाली होती. टोकाकडून पाहिली तर ती बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची दिसते, आणि तिन्ही पाकळ्या भोकाच्या काठावर टेकतात. ती बांधायची तर आधी सुरगाठीसारखा फास करायचा, मोकळं टोक फासातून ओवायचं आणि मग ओढीची बाजू खेचायची. चूक होते ती फासातच. ओढीची बाजू खेचल्यावर फास लहान व्हायला हवा. तो मोकळ्या टोकाकडून लहान होत असेल तर गाठ उलटी पडली म्हणायची. सुलटी पडली, की जितकी ओढ जास्त तितकं टोक घट्ट आवळलं जातं.

अर्थात रुंद तोंड हे काम निम्मंच करतं. उरलेलं घर्षणाच्या हाती असतं. वेढे वाढतील तशी दोरीची पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. हे गणित अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने मांडलं. घर्षणांक 0.3 असेल तर एका पूर्ण वेढ्याने पकड साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी सुमारे 43 पट. दोरी गुळगुळीत असून तोच आकडा 0.1 असेल, तर दोन वेढ्यांनीही पकड साडेतीन पटीपर्यंतच पोहोचते. म्हणून सुती नाडीत वर्षानुवर्षं टिकणारी गाठ चकचकीत प्लॅस्टिकच्या दोरीत सरकते, आणि गाठ निवडण्याआधी दोरीला हात लावून पाहावा लागतो. शिवाय गाठी बऱ्याचदा ताण असताना सुटत नाहीत, हिसके आणि हेलकावे बसताना सुटतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली बुटाच्या नाडीच्या बाबतीत हेच दाखवलं: पाय आपटल्याने गाठ सैलावते आणि हलणारी टोकं तिला उकलत नेतात. तेव्हा गाठ हाताने पुरती आवळून मगच कामाला लावावी, आणि शेपूट अगदी गाठीलगत कापू नये.

एवढा खटाटोप कशाला, लायटरने टोक वितळवलं की झालं, असं कोणी म्हणेल. नायलॉनचं टोक उसवू नये म्हणून वितळवणं योग्यच आहे. पण वितळून झालेला गोळा कडक आणि ठिसूळ असतो. सगळा भार त्याच्यावर टाकला तर तो तडकण्याची भीती, आणि सुतळी तर नुसती जळते. वॉशर घालण्याचा सल्ला त्याहून बरा, कारण तो भोकच लहान करतो. पण त्या लहान भोकावरही गाठ टिकावी लागतेच. गाठीने दोरी कमजोर होते हा आक्षेप खरा आहे, गिर्यारोहकाच्या दोरीच्या बाबतीत तर तो फारच महत्त्वाचा. हाताने ओढायच्या दोरीची ताकद मात्र हाताच्या ओढीच्या कैक पट असते, त्यामुळे तिथे तुटण्यापेक्षा निसटण्याची चिंता मोठी.

आणि रुंद गाठ सगळीकडे चालते असंही नाही. त्याच यंत्राच्या पुलीत गाठीसाठी ठेवलेला खळगा एवढासा असतो. तीन पाकळ्यांची गाठ तिथे बाहेर डोकावते, दर ओढीला डब्याला घासते आणि झिजते. पुलीत नीट आवळलेली साधी गाठच बरी. अ‍ॅशलींची गाठ मुठीत.