पसारा कमी, संसार सुटसुटीत

दिवाळीपूर्वी माळा उतरवला, की वर्षातून एकदाच लागणारी पातेली, सतरंज्या, बंद पडलेला मिक्सर खाली येतो आणि पुसून पुन्हा वर जातो. जागा अडते, आवराआवरीचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. 'कधीतरी लागेल' ही धास्ती या साठ्याचे मूळ आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत या धास्तीवर सामुदायिक उपाय सापडतो. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. पुढे तेथे सामुदायिक विवाह सुरू झाले. मांडव व मोठी भांडी तरुण मंडळाने घेतली. १९८० मध्ये धान्य बँक उभी राहिली. अडलेल्या शेतकऱ्याने तेथून धान्य न्यावे आणि सुगीनंतर वाढीव मापाने परत करावे, अशी ती रीत. हेतू कर्ज टाळण्याचा होता. पण अडीअडचणीची सोय सामाईक झाली, की प्रत्येक घराला ती स्वतंत्रपणे बाळगावी लागत नाही.

शहरातील सोसायट्यांनाही हे जमण्याजोगे आहे. शिडी, मोठी पातेली, सतरंज्या यांचा एकच संच कार्यालयात ठेवावा आणि देवघेवीची नोंदवही ठेवावी.

घरात मात्र एका दिवशी एकच कप्पा आवरावा. वापरातले, देण्याजोगे व मोडीचे असे तीन भाग करावेत. जुने कपडे बोहारणीला, बंद उपकरणे अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राला द्यावीत. दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याविना काढू नये. आजीची जुनी पेटी ही अडगळ आहे की ठेवा, हे आजीनेच ठरवावे.