मानेवरची प्रत्येक गाठ गंडमाळ नसते

लहान मुलाच्या मानेवर गाठ दिसली की घरातील वडीलधारी मंडळी "गंडमाळ असेल" म्हणून मोकळी होतात. मग लेप सुरू होतो, शेक सुरू होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळाच्या बाबतीत हेच झाले. सर्दी-तापानंतर लिंबाएवढी गाठ एकाएकी मोसंबीएवढी झाली, बाळाला दूध गिळेना, तेव्हा आम्ही धावलो. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. वैद्यकीत माझा अधिकार नाही. परंतु तेव्हा डॉक्टरांनी जे समजावले व पुढे मी जे वाचले, ते सभासदांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे जाळे असते. शरीरातील जादा द्रव गोळा करून रक्तात परत सोडणे हे त्यांचे काम. गर्भावस्थेत हे जाळे कोठे नीट जुळले नाही, तर तेथे द्रवाने भरलेल्या पिशव्या तयार होतात. तीच ही गाठ. ती कर्करोग नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. यात आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा वा कोणाच्या नजरेचा दोष नसतो.

अशा सुमारे ९० टक्के गाठी वयाच्या दोन वर्षांच्या आत दिसतात. काही तर गर्भारपणातील सोनोग्राफीतच. गाठ मऊ असते, सहसा दुखत नाही. अंधारात बॅटरी लावली तर मोठ्या पिशव्यांची गाठ आतून उजळते. क्षयाच्या गाठी बहुधा टणक व एकमेकींना चिकटलेल्या असतात. तरी केवळ हाताने चाचपून निदान पक्के होत नाही. प्रथम सोनोग्राफी करतात; तीत किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. तिच्याच डॉप्लर तपासणीत गाठीत रक्त वाहते की नाही ते कळते. गाठ जीभ, श्वासनलिका वा छातीपर्यंत किती पसरली आहे, हे एम.आर.आय. सांगते. पिशव्या मोठ्या की बारीक, यावर उपचार ठरतो. मोठ्या पिशव्यांतील द्रव काढून आत औषध टोचले तर त्या बहुधा आक्रसतात. बारीक पिशव्या अधिक चिवट असतात. काहींना शस्त्रक्रिया वा सिरोलिमस हे औषध लागते.

प्रौढांची गोष्ट वेगळी. मोठेपणी अशी गाठ नव्याने दिसणे विरळा. म्हणून चाळिशीनंतर मानेच्या बाजूला द्रवाची गाठ आली तर "पाण्याचीच आहे" असे समजून स्वस्थ बसू नये. टॉन्सिल, जिभेचे मूळ किंवा थायरॉइड येथील कर्करोग मानेत पसरल्यावर अशीच गाठ दिसू शकते. सुईने काढलेल्या द्रवात कधी कधी रोगाच्या पेशी येतच नाहीत. त्यामुळे एक अहवाल निर्दोष आला म्हणून तपास थांबवू नये. घसा आतून तपासून घ्यावा.

थोडक्यात, गाठ चोळू नये, शेकू नये, घरी सुईने फोडू नये. श्वासात घरघर, गिळायला त्रास किंवा एकाएकी वाढ दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आमचा भाचा आता शाळेत जातो. पण लेपात गेलेले ते तीन आठवडे बहिणीला अजून बोचतात. ते दुसऱ्या कोणा आईच्या वाट्याला येऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.