कोंबडीच्या खाद्यातले औषध आणि आपला आजार

रविवार उजाडला की घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत चिकनच्या दुकानांसमोर गर्दी होते. मटण परवडत नाही तिथे कष्टकरी घराला प्रथिने मिळतात ती कोंबडी आणि अंड्यांतून. ती खाऊ नका, असे आम्ही सांगणार नाही. पण कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या औषधांचा आपल्या आजारपणाशी असलेला संबंध प्रत्येक घराला माहीत हवा.

पोल्ट्रीत हजारो पक्षी एकाच शेडमध्ये दाटीने वाढतात. रोग येऊ नये, वजन लवकर भरावे म्हणून निरोगी पक्ष्यांनाही खाद्यातून वा पाण्यातून अँटिबायोटिक देण्याची पद्धत पडली. सतत थोडे थोडे औषध मिळाले की कमजोर जिवाणू मरतात. ज्यांना औषध बाधत नाही ते उरतात आणि वाढतात. औषधाला दाद न देण्याचा हा गुण एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो.

पंजाबमधील १८ पोल्ट्री फार्मची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाच्या लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई-कोलाय हा जिवाणू त्यात तपासला होता. महत्त्वाची अँटिबायोटिक निकामी करणारे ई-कोलाय ब्रॉयलर कोंबड्यांत ८७ टक्के, तर अंड्यांच्या कोंबड्यांत ४२ टक्के आढळले.

आता आपल्या मुंबईकडे पाहू. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. कार्बापेनेम या भारी औषधांनाही न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक होते. अशा रुग्णासाठी जी मोजकी औषधे उरतात, त्यांत कोलिस्टिन येते. किडनीला त्रास देते म्हणून बाजूला पडलेले हे जुने औषध डॉक्टरांनी नाइलाजाने परत हाती घेतले. आणि हेच कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते! त्याला दाद न देणारे, सहज पसरणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, कच्च्या मांसात आणि रुग्णांतही सापडले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

दोष एकट्या कोंबडीचा नाही. रुग्णालयातील अस्वच्छता आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या यांचाही त्यात वाटा आहे. म्हणून आपल्या हातात जे आहे ते करू या :

१) चिकनची पिशवी भाजी-कोथिंबिरीपासून वेगळी ठेवा.

२) कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोडे भांड्यांवर, पिण्याच्या पाण्यावर उडतात. धुवायचेच तर पातेल्यात हलक्या हाताने धुवा व नंतर मोरी साबणाने घासा.

३) सुरी, विळी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कांदा-टोमॅटो चिरू नका.

४) हाडाजवळचा गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवा. नीट शिजवल्यावर हे जिवाणू मरतात; धोका कच्चे मांस हाताळताना अधिक असतो.

५) चिकनच्या दुकानात वा पोल्ट्रीवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हातावरची जखम झाकून काम करावे आणि जेवण्याआधी साबणाने हात धुवावेत.

६) सर्दी किंवा साध्या जुलाबावर स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. जुलाबात आधी जलसंजीवनी द्या. रक्त पडत असेल, ताप असेल किंवा मूल मलूल झाले असेल तर लगेच डॉक्टर गाठा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

७) लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल तर ‘कल्चर करायचे का?’ असे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कोणते औषध लागू पडेल ते त्यातून कळते.

निरोगी जनावरांना वाढीसाठी अँटिबायोटिक देऊ नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच सांगितले आहे. घरातली काळजी आपण घेऊ. पण शेडमध्ये काय मिसळले जाते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते तपासणे सरकारचे काम आहे. महागडी औषधे निकामी झाली की श्रीमंताचा पैसा जातो, गरिबाचा माणूस जातो. म्हणून महिला मंडळाच्या आणि वस्तीच्या बैठकीत हा विषय काढा आणि तपासणीची मागणी नगरसेवक, आमदारांपर्यंत लेखी पोहोचवा.