झोपडपट्टीतलं मैदान

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. भर पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. पुढे बारसेंनी त्यांच्या हाती, म्हणजे पायी, खरा फुटबॉल दिला. 2001 साली त्यांनी झोपडपट्ट्यांतल्या संघांची स्पर्धा भरवली आणि ‘स्लम सॉकर’ या संस्थेचा पाया घातला.

या कामात चेंडू हे निमित्त. व्यसन, मारामारी, चोरी यांच्या वाटेवर गेलेली किंवा जाऊ पाहणारी मुलं निदान खेळायला तरी रोज येतात. एकदा येऊ लागली की शाळेचं, आरोग्याचं बोलता येतं. मुलींनाही मैदानात आणलं जातं. सरावलेला खेळाडू पुढे प्रशिक्षक होऊन धाकट्यांना शिकवतो.

बेघर आणि वंचित खेळाडूंच्या ‘होमलेस वर्ल्ड कप’मध्येही इथली मुलं भारताकडून खेळली. त्या स्पर्धेत गोलरक्षक धरून चौघांचा संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि 22 बाय 16 मीटरचं छोटं मैदान असतं.

2016 साली ‘स्लम सॉकर’ला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे बारसेंचं काम घरोघरी पोचलं.

असं काम इतर गावांतही सुरू करता येईल. श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला तर ओहोटीत त्या छोट्या मैदानाएवढी जागा आयतीच मिळते. मैदान आखायला चार काठ्या पुरतात. रोज संध्याकाळी न चुकता येणारा शिक्षक मात्र गावालाच शोधावा लागेल.