झाकण उकलतं कशानं?

पॉलिशवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर गेलं. चंदगडकडच्या एका वाचकांनी पाठवलेला फोटो त्याला कारण. जुन्या घराच्या तुळईतून फळ्या चिरून घेऊन त्यांनी ॲम्प्लिफायरसाठी सागवानी पेटी केली, आतला ॲल्युमिनियमचा ट्रे अर्थिंगला जोडला, घुरघुर गेली, गाणी झकास वाजू लागली. आणि मार्च संपता संपता झाकण उकललं. ‘लाकूड तर कित्येक वर्षं मुरलेलं होतं, मग गेलं कसं?’ असं ते विचारतात.

मुरलेलं लाकूड काही निर्जीव होत नाही. ते हवेतली ओल घेत राहतं, सोडत राहतं. आमच्या नेसरीत पावसाळ्यात जे दार चौकटीत अडकून बसतं, त्याच्याच फटीतून शिमग्याला उजेड दिसतो. हे वाढणं-आकसणं जवळजवळ सगळं रुंदीत होतं, रेषेच्या लांबीत नगण्य. ओला ओंडका पूर्ण कोरडा होईपर्यंत सागवान वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के. लाकडांत हे प्रमाण कमीच, म्हणून तर सागाला एवढा मान. तरीही ३०० मिलिमीटर रुंदीच्या झाकणातली ओल १५ टक्क्यांवरून ९ वर उतरली, तर ते तीनेक मिलिमीटर आकसू शकतं. खालचा ॲल्युमिनियमचा ट्रे मात्र ३० अंशांनी तापला तरी फक्त ०.२ मिलिमीटर वाढतो. शिवाय झाकणाची खालची बाजू हीटसिंकच्या उष्णतेने भाजून निघते, म्हणजे वरच्यापेक्षा आधी सुकते.

आता फोटो बघा. चारही कोपऱ्यांत स्क्रू, थेट ट्रेमध्ये, घट्ट आवळलेले. फळी आकसायला निघाली, धातूने तिला सोडलं नाही. हवा जाण्यासाठी रेषेच्या दिशेने चिरा पाडल्यात, आणि तडा नेमका एका चिरेच्या टोकाला, पटाशीने काढलेल्या चौकोनी कोपऱ्यातून निघालाय. असा कोपरा म्हणजे तड्याला आमंत्रणच. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ड्रिलने गोल भोक पाडावं आणि मग मधला भाग कापावा.

स्क्रूचं तर आणखी सोपं. रुंदीच्या मध्यावरचे दोन स्क्रू पक्के ठेवा. कडेच्या स्क्रूंसाठी रुंदीच्या दिशेने लांबट खाचा करा, वॉशर घाला आणि बेताने आवळा. फळी बाक धरू नये म्हणून आपले सुतार खालून आडवी पट्टी फेव्हिकॉलने चिकटवतात. पट्टी असू द्या, फेव्हिकॉल फक्त मधल्या दोन बोटांपुरता लावा.

‘मग जुन्या रेडिओच्या पेट्या का फुटल्या नाहीत?’ असं कुणी विचारण्याआधीच सांगतो. मर्फी, बुश यांच्या व्हॉल्व्ह रेडिओंची आतली उष्णता आपल्या सर्किटपेक्षा कमी नव्हती. पण त्या पेट्या बहुतेक प्लायवूडच्या, वर देखण्या लाकडाची व्हिनियर. प्लायवूडचा एक थर उभा तर दुसरा आडवा, त्यामुळे कुणालाच मोकाट आकसता येत नाही. मरॅन्ट्झच्या १९७० च्या दशकातल्या रिसीव्हरना जे अक्रोडी आवरण वेगळं विकत मिळे, तेही व्हिनियरचंच.

तरीही मी अखंड लाकडाच्याच बाजूचा आहे, त्यातही फणसाच्या. रंध्याखालून निघते तेव्हा हळदीसारखी पिवळी असलेली फणसाची फळी वर्षागणिक गडद तपकिरी होत जाते. हे व्हिनियरमध्ये कुठून मिळणार? फक्त वखारीत फळीची लांबी-रुंदी पाहून थांबू नका, तिचं कापलेलं टोक पाहा. तिथे वर्तुळाच्या रेषा जाडीत उभ्या दिसल्या, तर ती फळी बरीच कमी हलेल. आडव्या, धनुष्यासारख्या दिसल्या तर ती ट्रेच्या खालच्या तळाला वापरा, झाकणाला नको.

चंदगडच्या वाचकांना झाकण फेकायची गरज नाही. तड्यात लांबी भरू नका, पावसाळ्यात फळी फुगली की लांबी बाहेर येईल. तड्यावरूनच फळी सरळ चिरा, दोन्ही कडा रंध्याने जुळवा, फेव्हिकॉल लावून शिकंज्यात एक रात्र ठेवा. रुंदी दोन-तीन मिलिमीटर घटेल, ती पुढच्या कडेला पट्टी लावून भरून काढता येते. स्क्रूच्या भोकांच्या खाचा मात्र आधी करा. आणि हे सगळं पाऊस लागायच्या आत उरका.