दीड मिलिमीटरची जागा

मामांनी एक डोळा मिटला आणि प्लास्टरचा जबडा दुसऱ्या डोळ्यासमोर धरला. खालची डावी बाजू. घासून बारीक केलेले दोन दात आणि मध्ये एकाची रिकामी जागा. एकाच डोळ्याने, जबडा न हलवता, दोन्ही दातांच्या चारी बाजूंच्या कडा एकदम दिसल्या तरच त्यांच्यावरचा ब्रिज सरळ खाली उतरतो. पुढच्या दाताच्या कडा दिसत होत्या. मागच्या दाढेची पुढची कड मात्र दाढेच्याच आड लपली होती.

"दाढ झोपलीय बघा पुढं," मामा म्हणाले. "मधली काढून लई वर्षं झाली असणार."

चिठ्ठीवर एवढंच होतं: स्त्री, ५२, दात ३५-३६-३७, शेड ए३. गेलेली ३६ म्हणजे खालची पहिली मोठी दाढ. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात पडायची वाट न पाहता मागून उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, किडली तरी "पडेल आणि नवी येईल" म्हणून सोडून दिली जाते. ती काढली की मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेत कलते, समोरची वरची दाढ खाली उतरते. बाईंना मी पाहिलेलं नाही, मामांनीही नाही. पण प्लास्टरवरून त्या कुठल्या बाजूने चावत असतील हे ते सांगू शकत होते: उजवीकडच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या.

ही लॅब मिरजेत आहे. १८९४ साली वॉनलेस हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव, आणि त्यांच्या मागोमाग लॅबही आल्या. जत, कवठेमहांकाळच्या दवाखान्यांतून दातांची मापं एसटीच्या पार्सलने येतात. मी तिथे गेले ती आत्यामुळे. तिला ब्रिज बसवायच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर तिचाच जबडा प्लास्टरमध्ये ठेवलेला होता, वर तिचे नवे तीन दात. हे कुणी केलं, विचारलं, तर "लॅबमधून येतं" एवढंच उत्तर मिळालं. इतकं बारीक काम करणाऱ्या माणसाला नावच नसावं, हे मनातून जाईना.

मामांचं शिक्षण डेंटल मेकॅनिकच्या कोर्सचं. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्येच या कामाची नोंद झाली, पण पेशंटच्या बिलावर ती कधी दिसत नाही. लॅबमधली पोरं त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले.

झोपलेल्या दाढेवर आणखी एक अडचण होती. मामांनी वरचा जबडा खालच्यावर बसवला आणि दाढेवरच्या फटीत मऊ मेण दाबून गेजने मोजलं. एक मिलिमीटरही भरेना. "दीड पाहिजे," ते म्हणाले आणि हिशोब सांगितला. आतल्या धातूला ०.३, धातूचा काळपटपणा झाकणाऱ्या ओपेकला ०.२, वरच्या सिरॅमिकला १. झाले दीड मिलिमीटर. त्या दिवसांत हा आकडा मी त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकला, कधी फोनवर, कधी पोरांना, कधी नुसता स्वतःशी. जागा कमी असली तर दोनच वाटा उरतात. सिरॅमिक पातळ करायचं, मग आतला ओपेक खडूसारखा पांढरा दिसतो. नाहीतर दात उंच ठेवायचा, मग डॉक्टर खुर्चीत बसवून तोच घासतात, नाहीतर समोरचा. मामांनी कवठेमहांकाळच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडून "ॲडजस्ट करा" असं काहीतरी म्हटलं असावं. मामा शांतपणे म्हणाले, "करतो की सर. पण बाई सहा महिन्यांनी तुमच्याकडंच येतील." मग त्यांनी लाल ॲक्रिलिकची एक छोटी टोपी केली, दाढेचा जेवढा भाग अजून घासायला हवा तेवढाच वर डोकावेल अशी, आणि ती डबीत घालून परत पाठवली.

ॲक्रिलिकचा द्रव उघडला की खोलीभर एक उग्र, गोडसर वास सुटतो. घशात बसतो. घरी आल्यावर ओढणीला तोच वास होता.

ब्रिजच्या मुळाशी एक कठीण सौदा आहे. गेलेल्या एका दातासाठी शेजारचे दोन घासायचे. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००२ साली मोजून दाखवलं होतं की पूर्ण कॅपसाठी दर्शनी दाताच्या हिरडीवरच्या भागातलं ६३ ते ७२ टक्के द्रव्य काढलं जातं. शरीर ते पुन्हा तयार करत नाही. शेजारच्या दातांत आधीच मोठी सिमेंटं भरलेली असतील, ते कॅपला आलेलेच असतील, तर ब्रिज योग्यच. पण ते धडधाकट असतील तर इम्प्लांटचा विचार आधी व्हावा, असं मला वाटतं. त्यात शेजाऱ्यांना हात लागत नाही. इम्प्लांटचा खर्च जास्त, हाड पुरेसं लागतं, महिने जातात, म्हणून लोक ब्रिजकडे वळतात, हेही खरं. मामांच्या कामाकडे मी या नजरेने पाहत होते. चांगले दोन दात खर्ची पडलेत, आता तिसरा तरी असा व्हावा की ते वाया जाऊ नयेत.

मधली कामं पोरं झरझर उरकतात: डायला, म्हणजे दाताच्या प्लास्टरच्या प्रतीला, पिन लावून करवतीने दात सुटे करायचे, मेणाचा साचा, तो भट्टीत जाळून पोकळीत धातू ओतायचा, मग सँडब्लास्टिंग. धातूचा सांगाडा दवाखान्यात ट्रायलला जाऊन आला की सिरॅमिकसाठी तो मामांकडे येतो.

त्या वेळी त्यांच्या हातात दुसऱ्याच एका पेशंटचा ब्रिज होता. सिरॅमिक म्हणजे पावडर. काचेच्या तुकड्यावर ती पाण्यात कालवून मामा बारीक ब्रशच्या टोकावर एक थेंब उचलतात आणि ओपेक दिलेल्या धातूवर ठेवतात. ओल्या रांगोळीसारखी ती तिथे थरथरते. चिमट्याच्या दांड्याने सांगाड्याला टकटक करायचं, आतलं पाणी वर येतं, ते टिश्यूने टिपायचं. पाणी राहिलं तर भट्टीत बुडबुडा होणार. मानेजवळ गडद डेंटिन, टोकाकडे जवळपास पारदर्शक इनॅमल. दाताला दाताचा आकार येतो, पण तो फुगलेला, बेढब. भट्टीत हा दात साधारण पाचव्या भागाने आक्रसतो, म्हणून मुद्दाम मोठा घडवायचा. किती मोठा, हे कुठल्याही गेजवर नाही, मामांच्या मनगटात आहे. भट्टीच्या तोंडाशी तो आधी वाळतो, मग निर्वात भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजतो. लाल होऊन बाहेर आला, निवत गेला तसा पांढरा झाला, आणि आकार बरोबर उतरला होता. मी नकळत "वा" म्हणाले. मामांनी फक्त खाचेत तपकिरी रंगाची एक केसाएवढी रेघ ओढली. या पेशंटच्या बाकी दाढांवर चहाचे डाग होते.

रंगावरून होणारी भांडणं त्यांना सर्वांत जास्त खुपतात. शेडगाइडवर ए१ पासून डी४ पर्यंत सोळा छटा. ट्यूबलाइटखाली निवडलेली छटा उन्हात निराळी दिसते, आणि दोष लॅबचा. "खिडकीपाशी नेऊन बघा म्हणावं," मामा म्हणतात.

मधल्या खोट्या दाताचा, म्हणजे पोंटिकचा, तळ कुणाला दिसत नाही. मामा सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवत होते. तळ हिरडीवर खोगिरासारखा बसला तर अन्न अडकून सडतं, म्हणून तो गोलसर हवा, नुसता टेकणारा, आरशासारखा गुळगुळीत. त्याच्याखालून बारीक ब्रश किंवा जाड फ्लॉस रोज गेला पाहिजे. ब्रिज फुटण्यापेक्षा आधाराचे दात आतून किडूनच जास्त जातात, आणि त्याची सुरुवात बहुतेकदा कॅपच्या कडांशी होते.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला मशीन झिर्कोनियाचे दात कोरत होतं. तेही आधी मोठेच कोरतात, खडूसारखे असताना, आणि सुमारे पंधराशे अंशांना भाजल्यावर ते आक्रसतात. धूळ मात्र दोन्हीकडची वाईटच. धातू आणि सिरॅमिकच्या धुळीने या कामगारांची फुप्फुसं खराब होऊ शकतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इथे सक्शन आहे. पण घासताना पोरांचे मास्क हनुवटीवर होते, आणि मामा दर थोड्या वेळाने ओरडत होते, "तोंड झाका रे!"

काही दिवसांनी कवठेमहांकाळची डबी परत आली. मामांनी मेण दाबलं, मोजलं. १.४. "दीड न्हाई, पण होतंय," म्हणत त्यांनी डाय वॅक्सिंगवाल्या मुलाकडे सरकवली. त्या बाईंना पुन्हा भुलीचं इंजेक्शन घ्यावं लागलं असेल, पुन्हा दात घासून घ्यावा लागला असेल. कदाचित त्या वैतागल्याही असतील. मिरजेतल्या एका माणसाने हट्ट धरला म्हणून हे झालं आणि ते त्यांच्या भल्याचं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

तयार ब्रिजच्या डबीत मामा वापरलेल्या धातूचं कार्डही ठेवतात. बऱ्याच ब्रिजमध्ये निकेल-क्रोमियम असतं, आणि नकली दागिन्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी माप द्यायच्या आधीच ते डॉक्टरांना सांगायला हवं. मामांच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेक कार्डं दवाखान्याच्या ड्रॉवरमध्येच पडून राहतात. ती पेशंटची आहेत. मागून घ्यावीत, आणि लॅबचं नावही विचारावं.