जुनी पिकअप ऑफ-रोडसाठी घरी उभी करताना: आधी काय, नंतर काय

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय बरेच दिवस मागितला जातोय: जुनी पिकअप अंगणात उघडून ऑफ-रोडसाठी पुन्हा कशी उभी करायची. मी बोलतोय महिंद्राच्या जुन्या, फोर-व्हील ड्राइव्हच्या पिकअपबद्दल. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना कमानपाटे, साधं डिझेल इंजिन. अशी गाडी घरी उघडता येते, कारण त्यात बहुतेक सगळं पान्यानं सुटतं.

आमची गाडी डोंगरावरच्या शेताला जाते. पावसाळ्यात रात्री घरातलं कुणी आजारी पडलं तर हीच गाडी खाली आणणार. त्यामुळे माझ्यासाठी ऑफ-रोड म्हणजे काय, तर गेलेली गाडी परत आली पाहिजे. रुबाब नंतर बघू.

बहुतेक लोक सुरुवात टायर आणि लिफ्टपासून करतात. माझा क्रम उलटा आहे: चासी, ब्रेक आणि स्टीअरिंग, मग हाऊसिंग आणि शाफ्ट, मग पाटे, आणि टायर शेवटी.

पहिली चासी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. लोखंडी घोड्या लावा, त्याही पक्क्या जमिनीवर. हौदा उतरवा, चिखल धुवा आणि छोट्या हातोडीनं चासीवर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. पाट्यांचे हँगर, शॅकल आणि क्रॉस मेंबरचे सांधे इथे जास्त वेळ द्या, कारण चिखल तिथेच साठतो. पट्टी वेल्ड करायची असेल तर चासीवर सरळ उभा, आडवा कापणारा वेल्ड घेऊ नका, पुढे तिथूनच चीर जाते. पट्टीची टोकं तिरकी, शंकरपाळ्यासारखी कापा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा आणि डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित हा गैरसमज आहे. आत वाफ असते आणि पेट तीच घेते.

दुसरं, ब्रेक आणि स्टीअरिंग. रबरी होज, व्हील सिलिंडरची किट, टाय रॉड एंड, किंगपिनचा प्ले. हे सगळं आता बदललं तर स्वस्तात जातं, घाटात बदलायची वेळ आली तर नाही.

तिसरं, हाऊसिंग, म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. फोर-व्हील लावूनही गाडी का अडकते, त्याचं उत्तर हे. कोरड्या डांबरावर मात्र फोर-व्हील लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि तो ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर येतो.

इथेच एक छोटी वस्तू आहे, ब्रीदर. चालून तापलेलं हाऊसिंग ओढ्यात उतरलं की एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. मग ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं आणि बेअरिंग संपतात. ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर, बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या. खर्च अगदी किरकोळ. इंजिनाच्या हवेच्या पाइपाचे क्लॅम्पही घट्ट हवेत. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉडच वाकतो.

आता लिफ्ट. लांब शॅकल लावले की गाडी उंच होते, पण कॅस्टरचा कोन बदलतो, वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तिरके चालतात, ब्रेकचे होज ताणले जातात. मागे लोड बघून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर अजून धोका. चासी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर वाढल्यामुळे त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो.

टायरचं गणितही करून बघा. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०४ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३४. फरक ३० मिमी, पण अ‍ॅक्सल उचलला जातो त्याच्या निम्म्यानं, म्हणजे १५ मिमी. बदल्यात गिअरिंग सुमारे ४ टक्क्यांनी उंच होतं, चढावर इंजिन जड वाटतं, आणि काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साधारण ६२ किंवा ६३ ला असते. त्यापेक्षा चिखलात हवा कमी करणं जास्त कामाचं, टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र परत डांबरावर येण्याआधी हवा भरायला पंप सोबत हवा.

अडकलेली गाडी ओढायचे हुक थेट चासीला, जाड प्लेट आणि चांगल्या ग्रेडच्या बोल्टनं. बंपरला दोर बांधायचा नाही. दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर फटका कमी बसतो. बाकी मंडळी दोराच्या लांबीपेक्षा दूर उभी करा.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ मापांशी विसंगत बदल चालत नाहीत. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबारवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. पिकअप मालवाहू म्हणून पासिंग असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस असतो, म्हणजे तुमचं काम दरवर्षी तपासलं जाणार.

म्हणून माझं म्हणणं, मूळ मापं ठेवा आणि त्याच मापात गाडी नवी करा. ताजे पाटे, ताजे बुश, कोरडं हाऊसिंग आणि चारही ब्रेक सारखे, एवढ्यावर ती डोंगर चढते आणि उतरतेही. तुमच्या गाडीचं काम कुठे अडलंय ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया.